तीस म्यूंचं सासर

जुइयिंगला लुओंच्या घरी येऊन बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षं तिने सासऱ्याला एकच टोमणा मारला होता. भातात रताळ्याचे तुकडे जास्त पडले की ती म्हणायची, "जेवा, तीस म्यूवाल्यांच्या घरचं जेवण आहे." म्हातारा लुओ गालातल्या गालात हसायचा. जमीन होती साडेपाच म्यू, म्हणजे एकरभरही नाही, तीही उतारावरची.

लग्न ठरताना मुलीकडचे घर बघायला आले, तेव्हा लुओने जमीनदार शियोंगची म्हैस मागून आणून दारात बांधली होती. कणग्यांत कोंडा भरून वर चार बोटं तांदूळ पसरला होता. बांधावर उभं राहून शियोंगच्या तीस म्यूंवरून, ही सगळी आपलीच म्हणून, त्याने खुशाल हात फिरवला होता. त्या खोऱ्यात सगळेच असं करत. जुइयिंगच्या आईनेही शेजारणीने शिवलेले जोडे लेकीच्या हातचे म्हणून धाडले होते. दोघेही फसले, फिटंफाट झाली.

पुढे लढाई हरत आलेल्या फौजेने जाता जाता जुइयिंगच्या नवऱ्याला धरून नेलं. मागे राहिले म्हातारा, ती आणि पाच वर्षांची शुएमेइ. मग कम्युनिस्टांचं नवं सरकार आलं, आणि दुसऱ्या हिवाळ्यात प्रत्येक घराचा वर्ग, गरीब की जमीनदार, ठरवायला पक्षाचं पथक गावात उतरलं. त्यातली कॉम्रेड शेन यांच्याच घरी राहिली. बाविशीची पोर, स्वभावाने गोड. पाणी भरायची, शुएमेइची वेणी घालायची. ती दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान तिच्यासमोर जुइयिंगची जीभ सैल सुटली नसती.

एवढ्या गावात तीन जमीनदार निघायलाच हवेत, असं वरून कळवलं होतं. शियोंगला गोळी घालून झाली होती, तेलघाणीवाला कोठडीत होता, तिसरा काही सापडत नव्हता. शत्रूबद्दल मऊ पडलात का, असं पथकाच्या प्रमुखाला वरून दोनदा विचारून झालं होतं. अशात एका दुपारी वाढता वाढता जुइयिंग सवयीने तीस म्यूंचं बोलून गेली. शेनही हसली. जेवण झाल्यावर तिने वही काढली.

चौथ्या दिवशी तिसरा जमीनदार म्हणून म्हाताऱ्या लुओचं नाव भिंतीवर लागलं आणि त्याला कोठडीत नेलं. जुइयिंग धावत प्रमुखाकडे गेली. म्हैस, कोंडा, बांध, सगळं तिने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"शियोंगसारखा माणूस तुझ्या सासऱ्याला स्वतःची म्हैस का देईल?" त्याने विचारलं.

"शेजारी मागतो, म्हणून देतात."

प्रमुखाने लिहून घेतलं की शियोंगने आपली जमीन लुओच्या नावाआड दडवली होती. खरं दाखवायला कागद नव्हते. गावातले जमिनीचे सगळे जुने कागद शरदात चौकात जाळले होते आणि म्हाताऱ्याने आपलेही त्यात मोठ्या आनंदाने टाकले होते.

गावासमोर त्याच्यावर आरोप करायची सभा ठरली, तिच्या आदल्या दिवशी पहारेकऱ्याने म्हाताऱ्याला कपडे घ्यायला घरी आणलं. अंगणात जुइयिंग मुळे चिरत होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"उद्या तू बोलायचंस," तो म्हणाला. "गरिबाची लेक, फसवून आणली, राबवली, असं सांग. म्हणजे तुला आणि पोरीला गरिबांत लिहितील. त्या शेनने सांगितलंय मला."

"मामंजी, मी नाही बोलणार. माझ्याच तोंडाने हे सगळं झालंय."

"मग त्याच तोंडाने पोरीला वाचव. मला ते सोडणार नाहीतच. तू गप्प राहिलीस तर तिलाही जमीनदाराची नात म्हणून जन्मभर हाणतील."

जुइयिंगला रडू आवरेना. तो मात्र मुळे किती बारीक चिरतेस म्हणून कुरकुरत आत गेला.

सकाळी तो मंचावर गुडघ्यांवर बसला होता, हात मागे बांधलेले. जुइयिंगने सुरुवात केली. घर बघायला आले ते सांगितलं, तीस म्यू सांगितले. बारा वर्षं या गोष्टीला हसत आलेलं गाव मुठी उगारून ओरडलं. त्या आवाजाने ती गोंधळली, पुढचं आठवेना. प्रमुख तिच्याकडे रोखून बघू लागला.

"म्हैस," म्हातारा मान न उचलता हळूच म्हणाला. "म्हशीचं राहिलं, पोरी."

तिने म्हशीचं सांगितलं. मग मृत्युदंडाच्या बाजूने हात वर करायला सांगितले, तेव्हा तिनेही केला.

त्याला नदीकडे नेलं. ती घरी पोचायच्या आत गोळीचा आवाज आला. अहवालात तीस म्यू वाटल्याचं लिहिलं गेलं आणि जुइयिंगला साडेपाचांतले दीड मिळाले. आजोबा कधी येणार म्हणून शुएमेइने दोन दिवस विचारलं. तिसऱ्या दिवशी जुइयिंगने तिला समोर बसवलं, आणि मला कुणी आजोबा नव्हते, हे न अडखळता म्हणता येईपर्यंत घोकून घेतलं.