टिल्लीचा हात का पोचला नाही

खोडा म्हटलं की लोक नाक मुरडतात, हे मला ठाऊक आहे, मित्रांनो. कुणी कुणाचं काम अडवलं की 'खोडा घातला' म्हणून माझा उद्धार होतो. पण मी एक जुना, खराखुरा, लाकडाचा खोडा आहे. जनावरांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगणात चार जाड खांब रोवलेत आणि त्यांना आडवे दांडे बसवलेत ना, तोच मी. गाय तपासायची असली की तिला माझ्यात उभी करतात आणि मानेपुढे दांडा सरकवतात. मग तिला पळताही येत नाही आणि लाथही मारता येत नाही. डॉक्टरांचीही हाडं शाबूत, गायीचीही शाबूत. एवढं साधं माझं काम.

मला ज्या सुताराने घडवलं तो तोंडाचा फटकळ होता, पण हात असा सफाईदार की रंध्याखालून उतरलेलं लाकूड गालाला लावावं. तेव्हा दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते. ताडमाड उंच. वाकून वाकून त्यांची पाठ धरायची. सुताराने त्यांनाच उभं करून माप घेतलं, आणि गवंड्याने माझ्या आतली फरशी चांगली वीतभर उंच केली. जनावर वर, डॉक्टर खाली. त्यांचं पाठदुखणं पळालं. येणारा जाणारा म्हणायचा, खोडा असावा तर असा. मीही फुशारून जायचो, खोटं कशाला सांगू?

वर्षं गेली. त्या डॉक्टरांना सगळे मोठे डॉक्टर म्हणू लागले. माणूस लाख मोलाचा. गावातल्या कुणाच्या मुलाला जनावरांचा डॉक्टर व्हायचं असलं की ते जिवाचं रान करायचे. शहरातल्या कॉलेजात त्यांच्या ओळखी होत्या. राहायची सोय बघायची, प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करून घ्यायचा, चार ठिकाणी शब्द टाकायचा, सगळं तेच करायचे. अट एकच. आधी माझ्यापाशी परीक्षा द्यायची.

गाय गाभण आहे की नाही हे बघायला खांद्यापर्यंत लांब हातमोजा चढवतात, मागून हात आत घालतात आणि बोटांनीच आतलं वासरू चाचपतात. ईऽ करू नका, मित्रांनो. डोळ्यांना न दिसणारा जीव नुसत्या बोटांनी ओळखायचा, हे काही सोपं काम नाही. ज्याच्या हाताला वासरू लागलं, त्याच्या पाठीशी मोठे डॉक्टर उभे राहायचे.

परीक्षेला येणारी मुलं खात्यापित्या घरची. उंच, लांब हातांची. कुणाचा काका डॉक्टर, कुणाचा मामा. एकाला तर हात घालताच भोवळ आली आणि तो शेणातच आडवा झाला. डॉक्टरांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, पहिल्यांदा होतं असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. आज तो कुठल्याशा शहरात मोठा साहेब आहे म्हणे.

आणि मग टिल्ली. तिचा बाप मेलेली जनावरं उचलून नेणारी गाडी चालवायचा. गाडी भरेपर्यंत पोर माझ्या दांड्यावर बसून पाय हलवायची. अंगाने एवढीशी, म्हणून मोठ्या डॉक्टरांनीच कौतुकाने तिचं नाव टिल्ली ठेवलं होतं. बिथरलेल्या गायीच्या कानापाशी ती काहीतरी पुटपुटायची आणि गाय मान खाली घालायची. काय सांगायची देवाला ठाऊक! मी इतका जवळ, पण मलाही कधी ऐकू आलं नाही.

ती शाळेत पहिली यायला लागली तसे लोक दात काढू लागले. मेलेली जनावरं ओढणाऱ्याची पोर आता जिवंत जनावरं बरी करणार, म्हणे. दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांनी तिला एकदा सरळ विचारलं, की बाई गं, तुला एवढ्या सगळ्यातून हेच का व्हायचंय?

ती म्हणाली, "आमच्या गाडीत येतात तेव्हा काहीच करता येत नाही, काका. मला त्यांना त्याच्या आधी भेटायचंय."

शाळा संपली आणि बाप तिला घेऊन आला. बापाच्या अंगात धुतलेला सदरा. तिच्या घरात कॉलेजची पायरी कुणी पाहिली नव्हती. शहरात कुणाच्या दाराशी जायचं, कुणाला काय विचारायचं, काही ठाऊक नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी मनावर घेतलं तरच तिचं पाऊल पुढे पडणार होतं. डॉक्टरांनाही मनापासून आनंद झाला. त्यांनी स्वतः तिच्या हातात मोजा चढवला.

नेमकी त्या दिवशी गाय होती चांगली उंच, आणि ती माझ्या वीतभर चढवलेल्या फरशीवर उभी. टिल्ली चवड्यांवर उभी राहिली. हात खालून वर तिरका गेला, कोपरापर्यंत गेला आणि अडकला. तिने दात आवळले, कपाळ गायीच्या अंगाला टेकवलं आणि आणखी रेटलं. गाय हलली, टिल्लीचा पाय घसरला आणि ती पडली. कुंपणापाशी जमलेले लोक खो खो हसले.

मोठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला हात देऊन उठवलं आणि अगदी मायेने म्हणाले, "बाळ, तू हुशार आहेस. पण तुझा हात पुरत नाही. यात तुझा काही दोष नाही. तू दुसरं काहीतरी शीक."

मला तोंड असतं ना, मित्रांनो, तर मी त्या दिवशी बोंब ठोकली असती. अहो, तिचा हात नाही हो आखूड, मी उंच आहे! पण लाकडाचं कोण ऐकतं? बाप म्हणाला, साहेब म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. टिल्लीने नळाखाली हात धुतले आणि बापामागून गेली. उद्या परत ये, असं तिला कुणी म्हटलं नाही.

पुढे ती कापडाच्या दुकानात लागली, लग्न झालं, दूर राहायला गेली, असं कंपाउंडरकाकांच्या बोलण्यातून कळायचं. मोठे डॉक्टर निवृत्त झाले, पण पाय दवाखान्याकडेच वळायचे. रोज सकाळी येऊन बाकावर बसायचे. माझेही दिवस फिरले होते. एका खांबाला वाळवी लागली, दांडे सैल झाले, रंगाचा हात तर कित्येक वर्षांत लागला नाही.

मग नव्या डॉक्टरबाई आल्या. टिल्लीहून जेमतेम बोटभर उंच असतील. पहिल्याच दिवशी एक बाई गाय घेऊन आली आणि गाय माझ्यात उभी राहिली. डॉक्टरबाईंनी फरशीकडे पाहिलं, इकडेतिकडे बघितलं आणि कंपाउंडरकाकांना म्हणाल्या, ते दुधाचं रिकामं क्रेट जरा द्या हो. क्रेट पालथं घातलं, वर चढल्या आणि खांद्यापर्यंत हात घातला. गाय गाभण होती. झालं काम.

गायीची दोरी धरलेली बाई त्या क्रेटकडे बघतच राहिली. केसांत पांढरं आलं होतं, पण उंची तेवढीच. टिल्ली होती ती, गावी परत आलेली.

"एवढंच लागत होतं?" ती म्हणाली.

बाकावरून मोठे डॉक्टर उठले. काठी टेकत माझ्यापाशी आले. त्यांनी माझा दांडा धरला. "टिल्ली," ते म्हणाले, "मला सुचलंच नाही गं."

"मलाही कुठे सुचलं, साहेब," ती म्हणाली. "मला आजवर वाटत होतं, माझाच हात आखूड."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी आता सांगत नाही. माझं काय, लाकूडच ते. पुढेमागे इथे लोखंडी खोडा येईल आणि मी चुलीत जाईन. पण तुमच्या शेजारी कुणाचा हात कुठे पुरत नसेल, तर मायेने समजूत काढून त्याला घरी पाठवू नका. आधी त्याच्या पायाखाली बघा. आणि तुमचाच हात पुरत नसेल, तर तो आखूड आहे असं दुसऱ्याने सांगितलं म्हणून मान हलवू नका.

ते क्रेट आता माझ्या मागेच असतं, मोठे डॉक्टर कुणालाही ते हलवू देत नाहीत. त्याच्यावर चढून दोन मुली परीक्षा देऊन शहरात गेल्यासुद्धा. मोठे डॉक्टर त्यांची सगळी सोय स्वतः बघतात. टिल्ली मात्र त्या दिवशी आपली गाय घेऊन फाटकातून बाहेर गेली. जाताना ती गायीच्या कानात काहीतरी बोलत होती आणि मोठे डॉक्टर ती दिसेनाशी होईपर्यंत मला धरून उभे होते.