निळ्या झग्याचा घेर

टोकियोतल्या हाराजुकूच्या गल्लीतून वाकाना चालत नव्हती, तरंगत होती. फिक्या निळ्या झग्याखाली जाळीच्या परकरांचे थर, थरांत अडकलेली हवा. पाऊल थांबलं तरी घेर क्षणभर पुढे जायचा आणि मग भानावर आल्यासारखा परत यायचा.

"फोनवर काय म्हणाले, पुन्हा सांग," सोबत चालणाऱ्या शिनोताईनं क्रेपची गोड गुंडाळी खात विचारलं.

"मुलाखतीला स्वतःच्या आवडीच्या कपड्यांत या."

"आणि तू खरं मानलंस! अगं वेडे, त्याचा अर्थ काळा सूट नको, राखाडी जाकीट चालेल. शाळकरी पोरांनाही कळतं ते."

"मग तसंच सांगायचं होतं त्यांनी."

"जा बाई जा. केक मागवलाय असं समजून आत घेतील."

वाकाना हसली खरी. ही नोकरी मिळाली तरच टोकियोत राहता येणार होतं. नाहीतर परत गावी, आओमोरीला. तिथे हा झगा फक्त कपाटात राहायचा.

कंपनी पाश्चात्त्य धाटणीचे ऑफिसचे कपडे विकायची. मुलाखतीच्या खोलीत बाकीच्या मुली खरंच राखाडी नि निळसर जाकिटांत बसल्या होत्या. मुलाखत घेणाऱ्या कुवाबाराबाईंनी वाकानाला नखशिखांत पाहिलं आणि एक जाकीट आणि पँट पुढे केली. "हे घालून दाखवा."

पडद्यामागच्या आरशात खांदे, कंबर, पाय सगळं जागच्या जागी होतं. कुणीतरी तिचं माप घेऊन ते तिलाच परत केल्यासारखं. शेजारी जमिनीवर झगा तसाच उभा होता, जणू आत अजून कोणीतरी आहे. वाकाना त्याच्याकडे बघत राहिली.

"कसं वाटतंय?" बाईंनी बाहेरून विचारलं.

"शिवण सुरेख आहे. यात मी लगेच दिसते."

"मग बिघडलं कुठे?"

"माझ्या झग्यात आधी झगा दिसतो, बाई. मी आत निवांत असते."

बाई मनापासून हसल्या. "इतकं खरं इथे कुणी बोलत नाही. नोकरी तुमची. फक्त या भागात पुन्हा त्या झग्यात दिसायचं नाही, सुट्टीच्या दिवशीही नाही. गिऱ्हाईक चेहरा ओळखतं."

वाकानानं जाकिटाची बाही हलकेच कुरवाळली. मग जाकीट-पँट काढून त्यांची नीट घडी केली आणि ती झग्यात शिरली. हवा पुन्हा थरांत भरली.

"माफ करा, बाई. मला नाही जमायचं," तिनं पडद्याबाहेर येऊन कमरेत वाकून सांगितलं.

निघताना दार अरुंद पडलं. घेर चौकटीत अडकला तशा दोन-तीन मुली उठल्या आणि त्यांनी झालरी अलगद दाबून धरल्या.

"लेस कुठून घेतलीत?" एकीनं हळूच विचारलं.

"मीच विणली."

वाकाना दाराबाहेर पोचली, तरी त्या मुलीची बोटं झालरीवरच होती. वाकानानं घाई केली नाही. ती तशीच उभी राहिली.