बाकी सगळं तसंच

कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डवरच्या खुणेशी जुळला की प्रोसेसर आपसूक जागेवर बसतो, जोर लावायचा नसतो — हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. तरी आज त्यानं चिमटीतला तो बिस्किटाएवढा चौकोन पुन्हा दिव्याखाली धरला, पाठीवर कोरलेला क्रमांक ओठ हलवत वाचला आणि मगच खाली ठेवला. हा नवा. जुना डाव्या हाताच्या डबीत... डबी उघडून पाहिली. होता.

गेल्या आठवड्यात त्यानं जुना काढला होता, पुसून लख्ख केला होता आणि नव्याच्या जागी तोच परत बसवला होता. दिवसभर एकच प्रोसेसर स्वतःशी शर्यत लावून पळत राहिला. संध्याकाळी निकालाचे दोन्ही रकाने इतके जुळले, की शेजारच्या टेबलावरचा लंबू पोट धरून हसला. "अरे, जुळी भावंडं आणलीस की काय?" तोही हसला. चूक कुणाच्याही हातून होते — पण माझ्या हातून, इतक्या वर्षांत, अशी झाली नव्हती. घरी बायकोला त्यानं हे सांगितलं नाही. त्यात काय सांगायचं, असं तेव्हा वाटलं होतं.

पंखा चढवला, वायरी जोडल्या, काम सुरू केलं. पुढच्या वर्षी कंपनी जे कॉम्प्युटर जुळवणार त्यांत या दोघांपैकी कोण जाईल, हे आज संध्याकाळपर्यंत त्यानं सांगायचं होतं. पडद्यावर आकडे धावू लागले, आणि करण्यासारखं काही उरलं नाही तशी सकाळच्या चहाची वेळ मनात परत आली.

"काल रात्री फोन कुणाचा होता हो?"

"तुझ्या भावाचा."

"मावशीचा," बायको म्हणाली. मग मावशी काय काय बोलली ते सगळं शांतपणे सांगितलं. एवढंच. एरवी तिनं त्याला सोलून काढलं असतं — लक्ष कुठं असतं तुमचं, शेजारीच तर बसला होतात! आज चिडली नाही. त्या न चिडण्यानंच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि आता ती गप्प बसेना... रेडिओ बंद होता. कालही बंद होता. महिनाभर चहाच्या वेळी रेडिओ बंद असतो, ती ओट्याशी उभी न राहता समोरच्या खुर्चीत बसते, आणि पहिला घोट झाला की, वर्तमानपत्र उघडायच्या आत, त्याच सपाट आवाजात एक प्रश्न. संध्याकाळच्या चहालाही तसंच. प्रश्न तेवढा वेगळा, बाकी सगळं तसंच.

ही पद्धत त्याचीच होती. नव्यानं लग्न झालं तेव्हा दोन सदरे धुऊन तिनं कपड्याच्या दोन पावडरींतली चांगली कोणती ते ठरवलं होतं, आणि त्यानं भलंमोठं व्याख्यान झोडलं होतं — सदरा एक, पाणी एक, हात एक, बदलायची ती फक्त पावडर! "लग्न माझ्याशी केलंयत की प्रयोगशाळेशी?" असं म्हणून तिनं एकाच सदऱ्याची एक बाही एका पावडरीत आणि दुसरी दुसरीत धुऊन त्याच्या नाकासमोर वाळत घातली होती. ती काही विसरली नव्हती. ती माझी चाचणी घेते आहे... की हे सगळं चोराच्या मनात चांदणं? तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. त्याला आधी संताप आला, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं — तिच्या मनातल्या दोन रकान्यांत एकीकडे पूर्वीचा मी असणार, आणि दुसरीकडे...

"पडतोय की रे हा," लंबू मागून म्हणाला. खरंच नव्याचे आकडे घसरत होते. तापला होता. "सुरुवातीला वाघ, नंतर शेळी. छोट्या चाचणीवरच भागवलं असतं तर?"

"तर फसलो असतो," तो म्हणाला, आणि त्याला मागे कधीतरी तपासलेली एक चिप आठवली. चाचणीचा प्रोग्राम ओळखीचा दिसला की अंगात आल्यासारखी पळायची आणि रोजच्या कामाला पाय ओढायची. अहवालात त्यानं संतापून लिहिलं होतं: हा वेग नव्हे, ही लबाडी आहे. तेव्हापासून तो ओळखीची चाचणी लावतच नसे. संध्याकाळी त्यानं जुन्याच्या बाजूनं निकाल दिला. मंद, पण दिवसभर तेवढाच.

घरी चालत जाताना सिग्नलपाशी त्याच्या लक्षात आलं, की आपण पुटपुटतो आहोत. मावशी. गुरुवार. दुपारची गाडी. गुडघा. सुनेची बदली. केव्हापासून घोकत होतो कोण जाणे. लाज वाटली, तरी ओठ थांबेनात... गुरुवार, गुडघा, बदली.

रेडिओ बंद होता. ती समोरच्या खुर्चीत बसली. त्यानं पहिला घोट घेतला.

"मावशी कधी यायचं म्हणाली?"

"गुरुवारी, दुपारच्या गाडीनं. गुडघा दाखवायचाय. सुनेची बदली झालीय ना, सोबतीला कुणी नाही." एका दमात.

तिचे खांदे सैल झाले. "बघा! सगळं आठवतं की तुम्हाला. मी आपली उगाचच..." वाक्य अर्धं टाकून ती उठली, रेडिओ लावला, आवाज वाढवला आणि ओट्याशी जाऊन गुणगुणायला लागली. महिन्याभरात गुणगुणली नव्हती, हेही त्याला आत्ता कळत होतं.

अगं, हे पाठ केलेलं होतं. हा आकडा धरू नकोस... शब्द ओठांपर्यंत आले. तिनं वळून विचारलं, "अजून घेता थोडा?" आणि त्यानं कप पुढे केला. आत्तापर्यंत या घरात दोन माणसं घाबरलेली होती, एकमेकांना न सांगता. आता तो एकटाच होता.