पहिल्या दिवसाचा सिनेमा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हणजे नऊ वर्षांचा. तुमच्यात नऊ वर्षांचं मूल तिसरी-चौथीत असतं. आमच्यात मात्र एवढ्या वयाला पेन्शन लागते. तरीही माझं चित्र आजही स्वच्छ आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी एका बाईंसमोर आलो. त्यांच्या डोक्याला जाळीची टोपी होती आणि हातात पातळ मोजे. त्यांनी मला आधी पूर्ण लाल केलं, मग हिरवं, मग निळं, मग पांढरं. नाक जवळजवळ माझ्या काचेला टेकवून त्यांनी कोपरान् कोपरा तपासला. एकही ठिपका विझलेला सापडला नाही. "हा चांगला आहे," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. पहिली शाबासकी कुणी विसरतं का?

मग मी दुकानात आलो. तिथं भिंतभर आम्ही एकोणीस भावंडं. सगळ्यांच्या काचेवर एकाच वेळी एकच मासा पोहायचा. गिऱ्हाईक पुढून गेलं की आम्ही सगळे जीव तोडून चमकायचो. एके दिवशी एक तरुण मुलगी आणि तिचे वडील आले. मुलगी नुकतीच नर्सच्या नोकरीला लागली होती. वडील माझ्यासमोर उभे राहिले आणि विक्रेत्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"यावर सिनेमा कसा दिसेल?"

"थिएटर विसराल, काका."

"ते नाही विसरणार," वडील म्हणाले. "पण हा घेऊ."

घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणतो. मुलगी म्हणजे ताई. आई होती, आणि एक गल्ली सोडून राहणारी आईची बहीण, मावशी. दिवाणखान्यात खिडकीच्या समोरची भिंत मला मिळाली. आईनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "याला फक्त मी पुसणार." आणि तिनं शब्द पाळला.

बाबा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होते. चौतीस वर्षं त्यांनी त्या यंत्रापुढे उभं राहून काढली. पण कारखान्यात त्यांची ओळख वेगळीच होती. नवा सिनेमा लागला की शुक्रवारी पाळी संपवून बाबा थेट थिएटरच्या रांगेत उभे राहायचे. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ते अख्खा सिनेमा सांगायचे, हातवारे करून, प्रत्येकाचा आवाज काढून. शेवट मात्र सांगायचे नाहीत. "तिकीट काढा," म्हणायचे. लोक डबे उघडे ठेवून ऐकत बसायचे. हे सगळं मला आईनं मावशीला सांगताना कळलं. माझ्यासमोर सगळेच मोकळेपणानं बोलतात. टीव्हीला कान असतील असं कुणाच्या मनातही येत नाही.

कान बाबांचे गेले. प्रेसच्या खडखडाटानं ते हळूहळू खाल्ले, इतके हळू की घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्यांदा लक्षात आलं ते माझ्या. मी आलो तेव्हा माझा आवाज अठरावर असायचा. वर्षभरात तो चोवीसवर गेला, मग छत्तीसवर. मग शेजारचे भिंत ठोकू लागले. ताईनं बाबांना डॉक्टरकडे नेलं आणि त्यांच्या कानात यंत्र आलं. पण यंत्र आवाज वाढवतं, शब्द नाही. आठ जण एकदम बोलू लागले की बाबांना नुसता गोंगाट ऐकू यायचा.

शेवटचं ते थिएटरात गेले तेव्हा काय झालं, हेही आईनंच मावशीला सांगितलं. पडद्यावर कुणी शेवटचे श्वास घेत होतं. पुढच्या रांगेत कुणाचा तरी पॉपकॉर्नचा डबा उलटा झाला आणि आजूबाजूचे हसले. बाबांना वाटलं, विनोद झाला असणार. तेही हसले, आणि जरा जास्तच मोठ्यानं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मी त्यांचा हात दाबला गं," आई म्हणाली. "त्यांना वाटलं, मीपण हसतेय. म्हणून आणखी हसले."

त्यानंतर बाबांनी जाहीर केलं की हल्लीच्या सिनेमात काही राम उरलेला नाही. आई आणि मावशी दोघीच जाऊ लागल्या. बाबा निवृत्त झाले. रोज दुपारी ते न्हाव्याच्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसत. कारखान्यातले दोघे जुने सोबती, वेल्डरकाका आणि स्टोअरकीपरकाका, तिथं येत. सिनेमाचं बोलणं निघालं की बाबा पेपर उघडत.

इथं मित्रांनो, माझं काम सुरू होतं. ताई एकदा बाबांसाठी एक जुना सिनेमा लावत होती. रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि माझ्या काचेच्या तळाशी अक्षरं उमटली. सबटायटल्स. बोलणारा जे बोलेल ते लिहून येत होतं. बाबांनी चष्मा वर सरकवला. त्यांनी अख्खा सिनेमा पाहिला आणि जेवायला बसताना त्यातलं एक वाक्य आईला नक्कल करून दाखवलं. आईच्या हातातली पोळी तशीच राहिली. कितीतरी वर्षांनी ती ही नक्कल पाहत होती.

पण माझ्यावर येणारे सिनेमे चार-सहा महिने जुने असायचे. तोवर त्यांच्यावर सगळं बोलून झालेलं असे, शेवट कार्ट्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांना पाठ झालेला असे. "शिळं आहे," बाबा म्हणायचे. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगायचे.

मग एक दिवस ताई मोबाईल हातात धरून आली. म्हणाली, आता नवा सिनेमा थिएटरात लागेल त्याच दिवशी घरीही बघता येणार आहे. मात्र पैसे जास्त.

"किती जास्त?" आईनं विचारलं.

"तिकिटाच्या सहापट. आणि एकदा सुरू केला की दोन दिवस. मग गेला."

"म्हणजे भाड्यानंच की. एवढ्या पैशांत आम्ही दोघी तीनदा थिएटरात जाऊन येऊ."

"तुम्ही दोघी जाल," ताई म्हणाली. "बाबा?"

 आई उठली, कोरडं फडकं आणलं आणि मला पुसू लागली. मी तर सकाळीच पुसलेला होतो.

सिनेमा शुक्रवारी लागला. ताईची ड्युटी होती म्हणून शनिवारी दुपारी तीनची वेळ ठरली. मावशी आली. आईनं पडदे ओढले. बाबा स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून बसले, पूर्वी रांगेत उभं राहायला घालायचे तसा. त्यांना असं बसलेलं पाहून मला काळजी वाटू लागली, कारण माझी एक गोष्ट मलाच ठाऊक होती. मी म्हातारा झालो होतो.

ताईनं पैसे भरले. मी काचेवर लिहिलं, "हे अ‍ॅप जुने आहे. अपडेट करा." ताईनं बटण दाबलं. मी लिहिलं, "जागा अपुरी आहे." एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ताईनं माझ्या पोटातले खेळ काढले, हवामान काढलं, कधी न उघडलेली आणखी चार अ‍ॅप काढली. पाऊण तास मी एक गोल गोल फिरणारं चक्र दाखवत राहिलो. मावशी म्हणाली, "नवाच घ्यायचा होता." बाबा म्हणाले, "थिएटरातसुद्धा रीळ अडकायचं. घाई करू नका त्याची." मित्रांनो, त्या बोलण्यानं मला बळ आलं.

आणि सिनेमा सुरू झाला. रंग सुंदर होते. एक डोंगर, त्यावर छोटं हॉटेल, हॉटेलच्या दारात सात पाहुणे. पाहुणे बोलू लागले. तळाशी अक्षरं नव्हती.

बाबा दोन मिनिटं बघत राहिले. मग हळूच उठले. "तुम्ही बघा," म्हणाले. "मी जरा झाडांना पाणी घालतो."

"बाबा, बसा," ताई म्हणाली.

"अगं, पैसे वाया जायला नकोत. तुम्ही बघा ना."

"बाबा. खाली बसा." रुग्णांशी बोलते तोच आवाज तिनं काढला. बाबा बसले.

ताईनं सिनेमा थांबवला आणि माझ्या आत शिरली, एकेक पान उघडत. चूक माझी होती. अपडेटच्या धांदलीत माझी सगळी जुनी बटणं बंद झाली होती आणि अक्षरांचंही त्यातच बंद झालं होतं. आवाजाच्या पानात ते नव्हतं, चित्राच्या पानात नव्हतं. आई तिच्या खांद्यावरून वाचत होती. "ते काय आहे, सुलभता?" आईनं विचारलं. ताईनं ते पान उघडलं, आणि तिथं ते होतं. तिनं अक्षरं चालू केली, मोठी केली, पिवळी केली आणि सिनेमा पहिल्यापासून लावला.

आता एक गंमत सांगतो. अक्षरं माणसाच्या तोंडाआधी येतात, अर्ध्या क्षणानं का होईना. हॉटेलच्या मालकिणीनं पहिला विनोद केला, म्हणजे करायला तोंड उघडलं, आणि बाबा हसले. आई, मावशी आणि ताई त्यांच्यामागून हसल्या. आईनं वळून बाबांकडे पाहिलं आणि पुढची दहा मिनिटं ती माझ्याकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत होती.

गोष्ट अशी होती की हॉटेलच्या तिजोरीची किल्ली चोरीला जाते आणि प्रत्येक पाहुण्यावर संशय येतो. मावशीनं डॉक्टरला धरलं होतं, आईनं नव्या नवरीला. मध्येच बाबा शांतपणे म्हणाले, "आचारी आहे."

"काहीतरीच," मावशी म्हणाली. "तो बिचारा कणीक मळतोय."

"किल्ली गेली तेव्हा अंधारात कुणी शीळ घालत होतं. मग जिन्यात पुन्हा शीळ. आता हा मळताना घालतोय."

"कसली शीळ? आम्हाला नाही ऐकू आली."

"मलाही नाही आली," बाबा म्हणाले. "लिहिलेलं होतं."

ताईनं मागे नेऊन आवाज वाढवला. वाऱ्याच्या आवाजाखाली अगदी पुसट शीळ होती. आणि काचेवर कंसात स्पष्ट लिहिलं होतं, कुणीतरी शीळ घालतं. शेवटी आचारीच निघाला. मावशीनं बाबांना हात जोडले. आई म्हणाली, "आता चहा मी करते, पण पुढच्या वेळी मध्येच सांगायचं नाही." पुढच्या वेळी, असं ती म्हणाली. माझ्या ते बरोबर लक्षात आहे.

रविवारी दुपारी बाबा बाकावर गेले आणि तासाभरात वेल्डरकाका आणि स्टोअरकीपरकाकांना घेऊन घरी आले. बाकावर त्यांनी सिनेमा सांगायला घेतला होता आणि किल्लीपाशी येऊन थांबले होते. "उरलेला माझ्या घरी," म्हणाले होते. मुदत सोमवारी दुपारपर्यंत होती.

वेल्डरकाका भरदार आवाजाचे गृहस्थ. ते आल्या आल्या म्हणाले, "मी शुक्रवारीच पाहिलाय, मुलानं नेलं होतं. बरा आहे. मारामारी कमी आहे. पण तुमच्यासाठी बसतो." त्यांनी दाराजवळची खुर्ची घेतली, लवकर उठता यावं म्हणून.

सिनेमा सुरू झाला. पाच मिनिटांनी वेल्डरकाकांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मग आणखी थोडी. चहा आला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला. मालकिणीचा विनोद आला तेव्हा बाबा आणि ते एकदमच हसले. स्टोअरकीपरकाकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि ताईला बारीक आवाजात विचारलं, "अक्षरं अजून जरा मोठी होतात का?" ताईनं मोठी केली. तिनं आईकडे पाहिलं, आणि आईनं तिच्याकडे. डब्यांच्या त्या कारखान्यात प्रेस काही एकट्या बाबांच्याच कानाशी नव्हता.

सिनेमा संपला. नावं वर सरकत होती. वेल्डरकाका अजून माझ्याकडेच बघत होते. बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून मोठ्यानं विचारलं, "काय, कसा वाटला?"

"परवा पाहिला होता," वेल्डरकाका म्हणाले. त्यांचा तो भरदार आवाज या वेळी खाली आला होता. "आज कळला."

 मग बाबा उठले, रिमोट घेतला आणि त्यांनी स्वतःच्या हातानं सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.

तर मित्रांनो, सहापट पैशांची वकिली मी करणार नाही. ज्यांना थिएटरात जाता येतं त्यांनी जरूर जावं. एवढा मोठा पडदा माझ्याकडे नाही आणि मी तसं कधी म्हणालोही नाही. माझं मागणं साधं आहे. तुमच्या घरातला टीव्ही ओल्या फडक्यानं पुसू नका. तो अडखळला तर लगेच त्याला भंगारात काढू नका, जरा वेळ द्या. आणि घरातलं कुणी मोठं माणूस म्हणालं की मला आता सिनेमात रस राहिला नाही, तर त्यावर चटकन विश्वास ठेवू नका. त्यांच्या शेजारी बसा, सुलभता नावाचं पान उघडा आणि अक्षरं लावून बघा.