बारावे घड्याळ

कोड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.

"चुकीचा कसा? आत्ताच दिसला फोनवर. चार, शून्य, सात, सात, एक, नऊ. माणसांची डोकी उघडते मी, झेइनोल्ला. आकडे वाचता येतात मला."

"येतात, लिदिया पावलोवना. नवा येऊ द्या, मग टाका."

"हा सहावा आहे."

फोन टेबलावर उताणा. पलीकडे मेंदूची सर्जन, ओस्केमेन शहरात, चारशे किलोमीटरवर. अलीकडे पूर्वी चादरी ठेवायची ती खोली. आता तिच्यात एक टेबल, दोन पडदे, जमिनीवर एक काळी पेटी आणि पेटीसमोर गुडघे मुडपून बसलेला झेइनोल्ला. वय सत्तावन्न. तालुक्याच्या या रुग्णालयातल्या सगळ्या तारा त्याच्या. शिकला होता रेडिओ दुरुस्ती. रेडिओ संपले, तो उरला. सगळे त्याला झेके म्हणतात. नाव तोडले की त्यात आदर येतो.

भिंतीपलीकडे उल्बोसिन. वय चव्वेचाळीस. पहाटे गवत टाकायला निघाली, घोडा बर्फावर घसरला, डोके गोठलेल्या जमिनीवर. आणली तेव्हा बोलत होती. नवऱ्याला विचारत होती, कुंपणाचं दार लावलं का? तिसऱ्यांदा विचारले आणि उत्तर ऐकायला शुद्धीवर राहिली नाही.

आता डाव्या डोळ्याची बाहुली उजव्यापेक्षा मोठी.

कोड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.

"झेके!" दाराशी दाऊरेन. एकतीस वर्षांचा सर्जन, हातात रबरी मोजे, अजून घातले नाहीत. "किती वेळ?"

"बघतोय."

"मी पोटं उघडतो, झेके. अपेंडिक्स, पित्ताशय. कवटी मी फक्त शिकताना पाहिलीय, आणि तीसुद्धा तिसऱ्या रांगेतून. कुठे भोक पाडायचं ते लिदिया पावलोवनांनी दाखवल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"फोटो पाठव ना सीटीच्या पडद्याचे."

"पाठवले. बावीस."

"धुकं पाठवलंय यानं," फोन म्हणाला. "करड्या धुक्याचे बावीस फोटो. मला काप एकेक करून सरकवायला हवेत, उजेड कमीजास्त करायला हवा. रक्त हाडाखाली आहे की मेंदूत, ते धुक्यात दिसत नाही."

घाट बंद. फाटकावर पोलीस, त्यापुढे वादळ. हेलिकॉप्टर अशा हवेत उडत नाही. रस्ता एकच उरलेला, आणि तो या काळ्या पेटीतून जातो.

पेटी म्हणजे सर्व्हर, म्हणजे दार. शहरातला डॉक्टर साध्या ब्राउझरमध्ये पत्ता लिहितो, पासवर्ड देतो, फोनवर अर्ध्या अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा आकडी कोड देतो. मग इथला सीटीचा संगणक जसाच्या तसा त्याच्यासमोर उघडतो. माउस तिथे हलतो, चित्र इथे सरकते. दोन वर्षे हे दार उघडत आले आहे. आजही पत्ता उघडतो, पासवर्ड चालतो.

कोड नाही.

झेइनोल्लाने पेटी बंद करून चालू केली. चार मिनिटे गेली.

कोड चुकीचा आहे.

इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. दोन मिनिटे.

कोड चुकीचा आहे.

लिदिया पावलोवनांची जुनी नोंद पुसली, नवी जोडणी काढली, चौकोनी ठिपक्यांचे चित्र त्यांच्या पडद्यावर पाठवले. त्यांनी फोन त्यावर धरला. फोनने ओळखले, नवा कोड दिला. सात मिनिटे.

कोड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.

"ती कोडची पायरीच काढून टाका!" दाऊरेन ओरडला.

"ती फाइल प्रांताच्या कुलपात आहे. त्यांनी उघडली तरच."

"मग त्यांना फोन लावा!"

लावला होता. तीनदा. आज एक मार्च. आभार मानण्याचा दिवस. प्रांताच्या संगणक विभागातले सगळे सभागृहात बसून एकमेकांचे आभार मानत होते. चौथ्यांदा कुणीतरी उचलला. मागे दोंब्राच्या तारा वाजत होत्या. "तासाभरानं करा," आवाज म्हणाला, आणि न चुकता, "आभारी आहोत."

झेइनोल्लाने नोंदींची यादी उघडली. ओळीच ओळी. प्रयत्न ९:०५, नाकारला. ९:०७, नाकारला. ९:१८. ९:२५. त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले. पडदा पाहिला. भिंत पाहिली. तिन्हीकडे ९:३९. सगळे जुळत होते. सगळे जुळते आणि दार उघडत नाही, याचा त्याला राग येऊ लागला. बिघाड दिसला की त्याला बरे वाटे. जळलेली तार, सुटलेला टाका, उंदराने कुरतडलेले काही. इथे काहीच जळलेले नव्हते.

पाठीमागे बादली आदळली.

त्याच सकाळी, या सगळ्याच्या आधी, आठ वीसला, झेइनोल्ला स्टुलावर उभा होता.

देशाच्या पूर्वेने मध्यरात्री एक तास सोडून दिला होता. आता सगळ्या देशात एकच वेळ. फोन आपोआप बदलले. भिंती बदलत नाहीत. म्हणून तो स्टूल घेऊन फिरला. नोंदणीची खिडकी, बाळंतिणींचा विभाग, स्वयंपाकघर, शस्त्रक्रियेची खोली. अकरा घड्याळे. प्रत्येक उतरवले, एक तास मागे केले, बाहीने काच पुसली, परत टांगले. त्याला हे काम आवडले. कितीतरी दिवसांनी हाताला काटे लागले.

मग मुख्य डॉक्टर. "झेके, अहवालांवर चुकीची वेळ छापून येतेय! तासभर पुढची! उद्या तपासणी आली तर मी काय सांगू, आमचे रुग्ण भविष्यातून येतात?"

पेटी जुनी होती. नवा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. झेइनोल्लाने तिचे घड्याळ हाताने एक तास मागे केले. पाच मिनिटांनी पेटीने बाहेरून वेळ विचारून घेतली आणि स्वतःला पुन्हा पुढे नेले. त्याने पुन्हा मागे केले. तिने पुन्हा पुढे. "हट्टी गाढवा," तो तिला म्हणाला आणि बाहेर वेळ विचारायची तिची सोयच बंद करून टाकली. मग ती गप्प राहिली. अहवालावर बरोबर वेळ छापली गेली.

बारावे घड्याळ. काच नव्हती म्हणून पुसले नाही, एवढेच.

"पाय उचल," आता बादली घेऊन मागे उभी असलेली काम्का आपा म्हणाली. रुग्णालयाची फरशी तीस वर्षे तिच्या ताब्यात आहे; मुख्य डॉक्टरलाही ती पाय उचलायला लावते.

"आपा, आत्ता नको. आत बाई मरतेय."

"म्हणूनच. डॉक्टर धावतोय बर्फाच्या बुटांनी, एक जण पडेल आणि दोन होतील." फडके फिरत राहिले. "आणि मला उशीर झाला म्हणून कुणी काही बोलू नका. तुमच्या नव्या वेळेनं धार काढायला बसले आज. गाय नुसती ओरडतेय. जवळ जाऊ देईना, लाथ मारली. का नाही मारणार? तुम्ही घड्याळ मागे केलंत, तिची कास कशी मागे जाणार? तिच्या अंगात दूध तासभर आधीच भरलेलं!"

"आपा, कृपा कर..."

तो थांबला.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वेळेच्या शेजारी, तो कधीच वाचत नसे असे काही लिहिलेले होते. बारीक. ९:४४, आणि त्यापुढे अधिक सहा.

अधिक सहा. अजून सहा. पेटीच्या लेखी ती अजून कालच्याच वेळेत राहत होती, जगाच्या घड्याळाच्या सहा तास पुढे. देश पाचवर आला होता. त्याने तिचे काटे मागे केले, पण ती राहते कुठे हे बदलले नाही. तिने नऊ चव्वेचाळीसमधून इमानाने सहा वजा केले आणि जगाची वेळ तासभर मागची धरली. लिदिया पावलोवनांच्या फोनला जगाची खरी वेळ माहीत होती. कोड त्या वेळेतून निघतो. फोन आजचा कोड देत होता आणि पेटी तासापूर्वीच्या कोडची वाट पाहत बसली होती. तिला तसे बसवणारे बोट त्याचे.

सगळे जुळत होते, कारण त्याने जुळवले होते.

"काय झालं रे?" काम्का आपाने विचारले. "पांढरा पडलास."

झेइनोल्लाने कळफलक ओढला. एक आकडा चुकला, पुसला, पुन्हा लिहिला. दहा चव्वेचाळीस. बंद केलेली सोय चालू. पडद्यावर चुकीची वेळ आली, तासभर पुढची.

"टाका, लिदिया पावलोवना."

"दोन, दोन, आठ..." फोन पुटपुटला. मग काहीच नाही. मग सीटीच्या पडद्यावरचा बाण कुणी हात न लावता हलला, डावीकडे गेला, आणि उल्बोसिनच्या डोक्याचे काप एकामागून एक सरकू लागले.

"आले मी," लिदिया पावलोवना म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "दाऊरेन, मोजे घाल. हाडाखालीच आहे. डाव्या कानाच्या वर तीन बोटं. मी इथेच आहे, तुझ्या मागे उभी आहे असं समज."

नऊ सेहेचाळीस. पहिला प्रयत्न नऊ पाचला होता. झेइनोल्लाने वजाबाकी केली नाही. ती आपोआप झाली.

*

दुपारी दाऊरेन बाहेर आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"डोळे उघडले तिनं. नवऱ्याला ओळखलं."

"बोलली?"

"कुंपणाचं दार विचारलं." तो हसला, मग हसणे राहिले नाही. "उजवा हात हलत नाहीये, झेके. येईलही. महिनाभरानं, वर्षानं. लिदिया पावलोवना म्हणाल्या, दाब जास्त वेळ राहिला."

"अर्धा तास आधी उघडलं असतं तर?"

"त्या म्हणाल्या, कोण जाणे." त्याने मोजे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले. "मीही म्हणतो, कोण जाणे."

मुख्य डॉक्टरांनी बिघाडांची वही उघडून ठेवली होती, पेनसुद्धा. "लिहा झेके, वादळामुळे जोडणीत अडथळा. सही करा. आणि अहवालांवर पुन्हा तासभर पुढची वेळ येतेय, तेवढं बघा."

"ती तशीच राहू द्या. नवा नियम पेटीत घालेपर्यंत पेनानं दुरुस्त करू."

"बरं. पण हे लिहा आधी."

"वादळ तारेवर नव्हतं."

"वादळ सगळीकडे होतं, माझ्या भावा. प्रांताला कारण हवंय. तुमची जागा काढून शहरातल्या कंपनीला द्यायला केव्हाचे टपलेत ते. तुम्ही कशाला त्यांच्या हातात काठी देता? सहा वर्षं उरलीत तुमची. बाई वाचली ना?"

झेइनोल्लाने वही स्वतःकडे ओढली. त्याचे अक्षर रेडिओच्या नकाशांसारखे होते, बारीक आणि सरळ.

सर्व्हरचे घड्याळ मी हाताने फिरवले. बाहेरून वेळ घेण्याची सोय मी बंद केली. त्यामुळे कोड नाकारले गेले. ९:०५ ते ९:४६.

मुख्य डॉक्टरांनी ते वाचले. मग खिडकीबाहेर पाहिले, जणू वादळाकडूनच काही मदत मिळेल. "जिद्दी माणूस," ते हळूच म्हणाले आणि वही मिटली.

*

उल्बोसिनचा नवरा एसिमखान बाकावर बसला होता, मांडीवर बायकोचे जाड लोकरी नमद्याचे बूट. कुणीतरी त्याला खोली दाखवली असावी, कारण झेइनोल्ला बाहेर येताच तो उभा राहिला.

"तुम्हीच ना, तो रस्ता उघडणारे?"

"मी... हो."

"रहमेत, आगा. हजार वेळा आभार." त्याने दोन्ही हातांनी झेइनोल्लाचा हात धरला. तळवे खडबडीत, गवताचा वास. मग खिशातून मूठभर कुरुत काढले, दगडासारखे वाळलेले दह्याचे गोळे, आणि झेइनोल्लाच्या हातात ठेवले. "तिनंच केलेत. गेल्या उन्हाळ्यात. दुसरं काही नाही जवळ."

झेइनोल्ला गोळ्यांकडे पाहत राहिला. प्रत्येकावर बोटांचे ठसे होते. उजव्या हाताच्या चार बोटांचे.

"एसिमखान," तो म्हणाला. "तो रस्ता बंदही मीच केला होता. घड्याळ चुकीचं लावलं. एक्केचाळीस मिनिटं माझ्यामुळे गेली."

दूर कुठेतरी बादली सरकली. एसिमखान बाकावर बसला, बूट पुन्हा मांडीवर घेतले, एकाच्या टाचेवरचा वाळलेला चिखल नखाने खरवडला. झेइनोल्लाला जाता येईना. कुरुत परत द्यावे की नाही, तेही कळेना.

शेवटी एसिमखानने मनगटावरचे घड्याळ काढले. जुने, चावीचे, काचेवर ओरखडा, अजून कालच्याच वेळेवर. झेइनोल्लाकडे न पाहता ते पुढे केले.

"हे बरोबर लावून द्या," तो म्हणाला. "ती आत किती वाजता गेली, विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. मला मोजायला जमत नाही."

झेइनोल्लाने कुरुत खिशात ठेवले. घड्याळ कानाशी नेले, चालू होते. चावी बाहेर ओढली आणि काटा मागे फिरवायला लागला, सावकाश, एकेका मिनिटाने. एसिमखान आता पाहत होता. काटा एक्केचाळीस मिनिटे मागे गेला, तिथे झेइनोल्लाचा अंगठा थांबला.

मग उरलेली एकोणीसही त्याने फिरवली, काच बाहीने पुसली आणि घड्याळ परत दिले.