खोट्या नंबरची डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. सोलापुरात टॉवेल-चादरींच्या नक्ष्या तयार करणारा एक छोटा कारखाना आहे. तिथल्या सर्व्हर नावाच्या लोखंडी डब्यात मी राहते. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्या घरात वाढले, तिथलाच गुण मला लागला.

माझा जन्म परदेशात, धुळीचा कणही नसलेल्या खोलीत झाला. इथे आले तेव्हा डब्यात चार घरे होती आणि आम्ही चौघी बहिणी. मालक रावसाहेबांनी काढलेली प्रत्येक नक्षी तुकडे होऊन आमच्यात वाटली जाई. एकीजवळ अख्खी नक्षी कधीच नसे. ते तुकडे पुन्हा जोडणे फक्त आमच्या कारभाऱ्याला जमे. कारभारी म्हणजे एक हिरवे कार्ड. या मांडणीला रेड म्हणतात. आमच्यातली एखादी आजारी पडली, तर उरलेल्या तिघी तिचा वाटा भरून काढतात. पण कारभारीच गेला तर चौघीही मुक्या.

रावसाहेब तरुणपणी यंत्रमागावर कामाला होते. तेव्हा नक्षी पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या पत्त्यांवर उतरत असे. त्यांची एक नक्षी कुणीतरी चोरली आणि आठवडाभरात बाजारात आणली. तेव्हापासून ते पत्त्यांवर मुद्दाम खोटे नंबर टाकू लागले. चोराने पत्ते नेले, तरी मागावर नुसता गोंधळ उमटावा! आम्ही आलो तेव्हा त्यांनी आमच्याही पाठीवर खोटे नंबर चिकटवले. मी दुसऱ्या घरात राहत होते आणि माझ्या पाठीवर चार लिहिले होते. खरा क्रम त्यांच्या डोक्यात होता. सुनेलाही त्यांनी तो सांगितला नव्हता.

आमची नक्कल मात्र त्यांनी कधी करू दिली नाही. “नक्कल म्हंजे चोराला आवतान,” असे ते म्हणत.

चांगले दिवस आले. त्यांच्या डाळिंबाच्या चादरीची व्यापारी तोंड भरून स्तुती करत. आमचे नाव कुणी घेत नसे. आमच्यावर धूळ साचली, पंख्याचा आवाज बसला, तरी कुणी झाकण उघडले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात वीज सारखी जात-येत होती. त्यात एका दुपारी कारभारी जळाला. संगणकाचा पडदा काळा झाला. नक्षी मिळेना, म्हणून माग थांबले. आयुष्यभराचे काम आमच्या पोटात अडकले होते.

सून बुद्धप्रियाने दुरुस्तीला अक्कलकोटच्या निंगप्पाला बोलावले. तो समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या नक्षीवाल्याकडेही जात असे. रावसाहेब स्टूल ओढून त्याच्या हाताशीच बसले. मलाही त्याचा हात नको वाटत होता.

“मालक, आदी चारी डिस्कांची नक्कल घेतो. मगच कार्ड बदलतो.”

“नक्कल न्हाय. कार्ड बदल आन् चहा पिऊन जा.”

“काय झालं तर?”

“तुला कशाला येवढी घाई नकलंची? समोरच्यानं सांगितलंय व्हय?”

निंगप्पा हसला. “त्यांच्याकडं गेलो की ते तुमचं नाव घेत्यात. सोलापुरात मी एकटाच चोर हाय की! बरं, तुमच्या जिम्मेदारीवर.”

त्याने आम्हाला बाहेर काढून धूळ झटकली. जळाले होते तसेच कार्ड त्याने आणले होते, ते बसवले. मग पाठीवरचे नंबर बघून आम्हाला घरात सरकवले. मी चौथ्या घरात गेले. शेजारीण बदललेली! नव्या कारभाऱ्याने आम्हाला विचारले आणि कुणालाच ओळखले नाही.

निंगप्पा पडद्याकडे बघत राहिला. “जुनी मांडणी सापडंना. नवी करू का म्हणतंय. नवी केली तर आतलं समदं गेलं. नंबर बरोबर हायत ना?”

रावसाहेब पेचात पडले. खरे सांगावे तर आयुष्यभर जपलेली खूण परक्याच्या हाती जाते. न सांगावे तर नक्ष्याच जातात.

“मामा,” बुद्धप्रिया सासऱ्यांना म्हणाली, “माहीत असेल तर सांगा. निंगप्पांनी बटण दाबलं तर समोरचा चोरणार तरी काय?”

रावसाहेबांनी निंगप्पाचे मनगट धरले. “थांब. नंबर खोटे हायती. मीच लावल्यात.”

निंगप्पाने कपाळावर हात मारला. “अवो मालक, चोर सोडा, तुमीच लुटलं असतं की सवताला! आता मी नक्कल घेतल्याबिगर बोट लावत न्हाय.”

या वेळी रावसाहेबांनी होकाराची मान डोलावली. एकेकीची पूर्ण नक्कल झाली. स्टुलावरून ते हलले मात्र नाहीत. मग त्यांनी स्वतः आम्हाला आमच्या घरी बसवले. मी पुन्हा दुसऱ्या घरात. निंगप्पाने नव्या कारभाऱ्याला आमच्यात नोंदलेली जुनी मांडणी वाचायला सांगितली. नव्या कारभाऱ्याने एकेकीला हाक मारली, आम्ही ओ दिली आणि पडद्यावर डाळिंब उमटले. बुद्धप्रियाने डोळे पुसले.

“ह्या नकला कारखान्यात ठेवू नका,” निंगप्पा म्हणाला. “घरातबी नको. आग लागली, पाणी शिरलं, तर? तिसरीकडं, भरवशाच्या माणसाकडं द्या.”

रावसाहेब विचार करू लागले. चहा आला, गार झाला, दुपार कलली, तरी त्यांना एक नाव सुचेना. शेवटी त्यांनी नकलांची पिशवी बुद्धप्रियापुढे धरली. “तुझ्या आईकडं मंगळवेढ्याला ठेव. आन् खरा क्रम लिहून घे.”

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आमची नक्कल करा. पण नक्कल ठेवायला एक भरवशाचे माणूस लागते. ते आजच शोधून ठेवा. रावसाहेबांसारख्या कर्तबगार माणसालाही ते शोधायला सारी दुपार लागली, आणि ते त्यांच्याच घरात होते.