भागोजीचं ताट

चौलच्या दिनानाथरावांच्या पोफळीच्या वाडीत भागोजीसारखा गडी झाला नाही, असं खुद्द भागोजीच सांगे आणि त्याला खोटं पाडायची कुणाची टाप नव्हती. सुपारी काढायला एका पोफळीवर चढला की घड कापून तिच्या शेंड्यालाच झोका द्यायचा, शेजारची पोफळ हाताशी आली की तिच्यावर जायचं, आणि असंच विहिरीपासून कुंपणापर्यंत. मध्ये जमिनीला पाय नाही. वीसेक वर्षं त्यानं हे केलं. मग मालकांनी त्याला मुकादम केलं आणि देखरेखीला खाली बसवलं.

बसला आणि तिथंच घात झाला. चढणं सुटलं, जेवण मात्र चढणाऱ्या गड्याचंच राहिलं. चाळिशी उलटली की अंगाला अन्न कमी लागतं, पण पोट जुन्या सवयीनं आपला वाटा मागतच राहतं. भागोजीच्या घरी तर मागायचीही गरज नव्हती. त्याची बायको चंद्राबाई न विचारता वाढी. तांदळाच्या जाडजूड भाकऱ्या, बोंबलाचं कालवण, वर भाताचा ढीग, आणि तो पुरे म्हणाला की हटकून आणखी एक भाकरी. चार-पाच वर्षांत बंडीची बटणं लागेनाशी झाली. गाव टिंगल करी. "सुखानं अंग धरलंय," म्हणून तोही हसे, पण मनातून त्याला फार लाज वाटे.

सन बत्तीसच्या कार्तिकात सुपारी पिकली आणि त्याच्या जागी चढणारा नामा नेमका हिवतापानं अंथरुणाला खिळला.

"भागोजी, रेवदंड्याहून गडी बोलावतो," दिनानाथराव म्हणाले.

भागोजीला ते झोंबलं. "माझ्या झाडांवर परका गडी कशाला, मालक? मी काढतो."

मालकांची नजर त्याच्या पोटापाशी जरा थांबली. "बघ बाबा," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायांत दोरी अडकवून भागोजी चढला. अर्ध्यावर धाप लागली, तरी हट्टानं शेंडा गाठला. घड कापून खाली सोडला आणि झोका दिला. पोफळ वाकली. पूर्वी ती शेजारणीला टेकून मुकाट परत यायची. आज वाकली ती वाकतच चालली. खोडात कडकन आवाज झाला. भागोजी खोडाला मिठी मारून निपचित राहिला, म्हणून झाड सावरलं. मग छाती सोलून घेत तो कसाबसा खाली घसरला.

खाली चंद्राबाई उभी होती. घरी नेऊन तिनं त्याच्या छातीला हळद लावली आणि दुपारी नेहमीसारखं ताट भरून पुढं ठेवलं.

भागोजीनं ते सरकवलं. "आजपासून निम्मं वाढ. रहाट हाकीन, आळी खणीन, अंग उतरवीन. पुढच्या कार्तिकात पुन्ना चढतो का न्हाय बघ."

"मी न्हाय कमी वाढणार."

"अगं, लोक हसतात मला!"

"हसू देत." तिनं चुलीकडे तोंड फिरवलं. "माझा बाप पोफळीवरनं पडला, तवा त्याच्या तोंडात पानी मीच घातलं. तुमी चढत व्हता तवर मी येक दिस सुखानं चूल पेटवली न्हाय. मालकानं तुमाला खाली बसवलं, त्या दिशी देवीला नारळ फोडला. जड मानूस झाडावर जात न्हाय. म्हनून वाढत गेले."

आधी भागोजीला संताप आला. इतकी वर्षं गावानं थट्टा केली ती हिच्यापायी! पण तिचे खांदे हलताना दिसले आणि संताप ओसरला.

"बरं केलंस," तो हळूच म्हणाला. "पन आता उंबरा ओलांडताना बी धाप लागते गं. झाडावरनं न्हाय पडलो, तरी अशानं बसल्या जागी जाईन."

हे चंद्राबाईच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती गर्रकन वळली.

"आधी आन घ्या," ती म्हणाली. "पुन्ना चढनार न्हाय म्हना. मंग वाढते कमी."

गावात भागोजीला जो काही मान होता तो त्या शेंड्यावरचाच होता, आणि तो असा ताटावर बसल्या बसल्या सोडायचा होता.

"देवीची आन," तो म्हणाला. "सांजच्याला मालकांना सांगतो, रेवदंड्याचे गडी बोलवा."

चंद्राबाईनं त्याच्या ताटातल्या दोन भाकऱ्या आणि निम्मा भात उचलून आपल्या पुढ्यात घेतला. नवऱ्याचं जेवण व्हायच्या आधी ती कधी घास घेत नसे; आज तिथंच बसून भराभरा जेवू लागली. सकाळी तो चढला तेव्हापासून तिच्या पोटात पाण्याचा थेंबही गेला नव्हता, हे भागोजीला तेव्हा कळलं.